तोंडावरून गेलेलं वारं

कर्जतहून खांडसला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मी गेली कित्येक वर्षं बसते. माझी शाळा शेवटच्या थांब्यापाशी आहे. या गाडीवर कंडक्टर आले आणि गेले, पण रोहिणी बडेकर आली तेव्हा आठवड्याभरात सगळ्या गाडीला तिचं नाव पाठ झालं, कारण ती बोलायची. सकाळच्या गारठ्यात माणसं शालीत मुंडकं घालून बसलेली असायची आणि हिचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या काचेपर्यंत घुमायचा.

"पुढं सरका, पुढं! मागं काय पंगत बसलीय का? ओ मावशी, अर्धं तिकीट तुमाला हाय, पाटीला नाय. पाटी मांडीवर घ्या."

कुणी चिडत नसे. भांडल्यासारखं बोलायची आणि उतरताना म्हाताऱ्या माणसाचा हात धरायची. बोलताना खाकी कोटाच्या खिशाला लावलेली शिट्टी हलत राहायची.

रोहिणी मूळची साजगावची. वडील तिथल्याच एका कारखान्यात भट्टीवर होते. मुलीनं बँकेत बसावं, पंख्याखाली, अशी त्यांची इच्छा होती. तिनं बी.ए. केलं, बँकेची परीक्षा दिली, तीत नापास झाली, आणि एसटीची दिली तर पास. "पंखा नाय पण वारा भरपूर हाय," असं तिनं बापाला सांगितलं म्हणे. लग्न होऊन ती चौक गावाजवळच्या एका खेड्यात आली. नवरा हर्षद मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात, आठवड्याआड पाळी बदलणारा, कमी बोलणारा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू जयवंताबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, भाताची खाचरं आणि थंडीतला वाल यांवर एकटीनं पोराला वाढवलेली बाई. तिचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी रोहिणीचं एक मूल चौथ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा काही बायकांनी एसटीच्या धक्क्यांना बोल लावला, काहींनी तिच्या खाकी कपड्यांना. जयवंताबाई काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हापासून घरात सगळे जपून पावलं टाकत होते. रोहिणीनं मागितलं असतं तर डेपोत बसून करायचं काम मिळालं असतं. तिनं मागितलं नाही. रजा सगळी बाळ झाल्यावर हवी होती आणि चार भिंतींत बसलं की तिचा जीव गुदमरायचा.

डिसेंबर होता. तिला आठवा लागला होता. पायात बूट जाईनात, म्हणून ती नवऱ्याच्या सपाता घालून यायची. मी म्हटलं, "रोहिणी, पाय फार सुजलेत गं."

"दिवसभर उभी असते ना बाई. सुजणारच."

डोकं दुखायचं, तेही ती इंजिनाच्या धगीवर ढकलायची. बोटातली अंगठी निघत नव्हती, त्यावर ती हसायची की हर्षदनं घट्ट बांधून ठेवलंय. त्या महिन्याची तपासणी हुकली होती. उपकेंद्रात सिस्टर यायच्या त्या दिवशी हिला जादा ड्यूटी लागली. पुढच्या महिन्यात जाऊ, असं तिनं मनात धरलं. प्रत्येक दुखण्याला तिच्या कामातच कारण सापडत होतं, त्यामुळे दुसरीकडे बघायची गरज तिला वाटली नाही. आम्हा रोजच्या प्रवाशांनाही नाही.

एका सकाळी ती चूळ भरायला मोरीत गेली. पाणी तोंडात ठरेना. डाव्या कोपऱ्यातून गळून छातीवर आलं. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा तेच. आदल्या दिवसापासून डाव्या कानामागे ठणकत होतं. गारठ्यानं गाल बधिरला असेल असं वाटलं. चहाही तसाच सांडला आणि त्याला चव लागली नाही. हर्षद रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. जयवंताबाई उजाडतानाच वालाच्या शेंगा तोडायला शेतावर गेल्या होत्या. आरशात बघायला वेळ नव्हता, सवयही नव्हती. तिनं नाकातोंडावरून स्कार्फ गुंडाळला आणि कामावर निघून आली.

गाडीत मी चढले तेव्हा ती गप्प होती. स्कार्फ सगळ्याच बायकांनी बांधले होते, त्यामुळे वेगळं काही दिसलं नाही. पण पाथरज फाटा आला आणि तिनं थांब्याचं नाव पुकारलं, तर त्यातला 'प' आणि 'फ' दोन्ही कुठं तरी विरघळून गेले. मागच्या सीटवर कॉलेजची पोरं हसली. एकानं विचारलं, "मॅडम, तोंडात काय हाय?" एरवी तिनं त्याला तिथल्या तिथं सरळ केलं असतं. त्या दिवशी तिनं फक्त डबल बेल दिली.

शेवटच्या थांब्यावर गाडी मागं घेऊन वळवावी लागते. जागा अरुंद, एका बाजूला विहिरीचा कठडा. कंडक्टरनं मागं उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची, ड्रायव्हरनं त्या शिट्टीवर भरवसा ठेवायचा. ड्रायव्हर सहदेव, पन्नाशी ओलांडलेला, गाडी मागं घेऊ लागला. ठाकरवाडीतली म्हातारी कोंडी बाजाराला न्यायची करांद्याच्या कंदांची पाटी घेऊन नेमकी गाडीच्या मागं वाकून चुंबळ बांधत होती. रोहिणीनं स्कार्फ खाली ओढला, शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

आवाजच आला नाही. सगळी हवा डाव्या ओठातून फुस्सकन बाहेर गेली. तिनं पुन्हा फुंकलं. मी उतरून चार पावलं गेले होते, वळून बघितलं तर ती ओरडायचा प्रयत्न करत होती, इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. मग तिनं हातातलं तिकिटाचं मशीन गाडीच्या पत्र्यावर धाडधाड आपटलं. सहदेवनं ब्रेक दाबला. कोंडीच्या पाठीपासून गाडी हातभरावर थांबली. पाटी तेवढी कलंडली आणि करांदे उतारावर पळत सुटले.

सहदेव लाल होऊन खाली उतरला. "शिट्टी कुठं हाय तुझी? म्हातारी गेली असती आज! झोपलीस काय गं?"

रोहिणी त्याच्याकडे वळली. तिचा उजवा अर्धा चेहरा रडत होता. डावा अर्धा तसाच, जणू त्याला काही कळलंच नव्हतं. डोळा सताड उघडा, गाल उतरलेला, ओठाचा कोपरा खाली लोंबलेला.

"पोरी," सहदेव हळू आवाजात म्हणाला, "तुझं तोंड बघ."

तिनं गाडीच्या बाहेरच्या मोठ्या आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. पहिला हात तिनं तोंडाला लावला नाही, पोटाला लावला.

"बाळाचं पन असं झालं असंल काय हो काका?"

कोंडी करांदे गोळा करायचे सोडून जवळ आली. तिनं रोहिणीचा गाल आपल्या खरखरीत तळव्यात घेतला. "वारं गेलं गं पोरीच्या तोंडावरनं. खिडकीतलं वारं. गरम तेल लाव, नि भगताकडं जाऊन ये." कुणी म्हणालं लकवा. कुणी म्हणालं, पोटुशी बाईनं अमावस्येला ड्यूटी करायचीच नाही. सहदेवनं सगळ्यांना गाडीत बसवलं आणि गाडी कर्जतकडे काढली.

पुढचं सगळं मला रोहिणीनं नंतर सांगितलं, काही जयवंताबाईंनी.

सहदेवनं तिला बाजारपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. सर्दी-खोकल्याची गर्दी होती. डॉक्टरांनी तिला भुवया वर करायला सांगितल्या, गाल फुगवायला सांगितले, डोळे मिटायला सांगितले. डावीकडे काहीच हललं नाही. "लकवा नाही हा," ते म्हणाले, "घाबरू नका. चेहऱ्याची नस सुजलीय. गरोदरपणात होतं असं कधी कधी. महिन्या-दोन महिन्यांत येईल ताळ्यावर." गोळ्या दिल्या, उघड्या डोळ्यात घालायला मलम दिलं. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. रोहिणीला एवढा धीर आला की तिनं पायांची सूज सांगितली नाही, डोकेदुखी सांगितली नाही. त्यांनीही विचारलं नाही. टेबलाच्या कडेला बीपी बघायचं यंत्र होतं, त्याची काळी रबरी नळी वेटोळं करून ठेवलेली. ती नळी तिला पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिली.

घरी जयवंताबाईंनी सुनेकडे बघितलं आणि दाराची कडी लावली.

त्या रविवारी डोहाळजेवण होतं. रोहिणीच्या फोटोभोवती फुलं लावून केलेलं आमंत्रण सगळ्यांच्या मोबाइलवर गेलेलं. जयवंताबाईंनी एकेकाला फोन करून सांगितलं की हर्षदला सुट्टी नाही, पुढं कधी तरी करू. रोहिणीला म्हणाल्या, "तोंड सरळ होस्तोवर बाहेर पडू नको. लोकं बघतात, नि बघून बोलतात. एक गेलंय आपलं. आता कुणाची नजर नको."

रोहिणीनं विरोध केला नाही. तिलाही कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. जी बाई पन्नास माणसांना एका आवाजात पुढं सरकवायची, तिला आता घास चावताना हनुवटीखाली हात धरावा लागायचा. अन्न गालात साचून राहायचं, बोटानं काढावं लागायचं. झोपताना डोळ्यावर रुमाल बांधायचा, नाही तर बुबुळ कोरडं पडून आग व्हायची.

हर्षद तिची औषधं वेळेवर आणायचा, मलम घालून द्यायचा. पण जेवायला बसला की तिच्या उजव्या बाजूला बसायचा. आधी तिला ते जाणवलं नाही. मग एकदा ती मुद्दाम भिंतीला टेकून अशी बसली की उजवीकडे जागाच राहिली नाही. तो ताट घेऊन घुटमळला.

"बस की इकडं," ती म्हणाली.

तो बसला. ताटात बघून जेवू लागला.

"माज्याकडं बघ ना, हर्षद."

"बघतोय की."

"नाय बघत. आठ दिवस झाले, तू अर्धीच बघतोस मला."

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते. "तुज्या तोंडाकडं बघितलं की मला पोटातल्याचं वाटतं गं," तो म्हणाला. "काय काय मनात येतं. कारखान्यात पन ध्यान लागत नाय." तो उठून मोरीवर हात धुवायला गेला. त्या दिवशी दोघंही नीट जेवली नाहीत.

दोनेक दिवसांनी दुपारी आशाताई आल्या, गावातल्या गरोदर बायकांची विचारपूस करणाऱ्या. दारातूनच त्यांनी हाक मारली, "जयवंताकाकू, रोहिणी हाय का? मागच्या महिन्याची तपासणी राहिलीय. उद्या सिस्टर येतायत, बीपी, रक्त सगळं बघून घेऊ."

रोहिणी आतल्या खोलीत दाराआड उभी होती. तिला सासूचा आवाज ऐकू आला.

"माहेरी गेलीय ती. साजगावला. तिकडंच बघेल तिचा बाप."

"बरं. आली की पाठवा."

चपलांचा आवाज अंगणातून दूर गेला. रोहिणीनं एक शब्द काढला असता तरी पुरलं असतं. तिनं काढला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, असं तिनं मला सांगितलं. आशाताई गावातल्या, त्यांनी बघितलं असतं म्हणजे गावानं बघितलं असतं.

यानंतर डोकेदुखी थांबेना. कपाळावर कुणी पाटा ठेवावा तशी. छातीखाली उजवीकडे दाबल्यासारखं दुखायचं, ते तिनं पित्तावर घातलं. हाताची बोटं इतकी सुजली की बांगड्या रुतल्या. डोळ्यांपुढं काही तरी चमकायचं, त्याला तिनं उघड्या डोळ्याचं कारण दिलं. सगळ्या घराचं लक्ष तोंडाच्या एका कोपऱ्याकडे लागलं होतं. सकाळी उठलं की जयवंताबाई तिचा चेहरा उजेडाकडे धरून बघायच्या, आज किती हललं, आणि तेवढंच बघायच्या.

एका दुपारी दोघी ओसरीच्या आतल्या बाजूला बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. रोहिणीच्या बोटांतून दाणे निसटत होते. ती थांबली.

"आई, दिवसाढवळ्या चांदन्या दिसतात हो डोळ्यापुढं. दोनी डोळ्यांना. हा मिटला तरी दिसतात."

जयवंताबाईंचा हात टोपल्यातच राहिला.

"काय म्हनालीस?"

"चांदन्या. अशा लुकलुक."

त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. टोपलं त्यांनी बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "माज्या थोरल्या जाऊला दिसल्या होत्या. मी नवी नवरी होते तेव्हा. अशीच सुजली होती. पान्याला गेली नि हंड्यावरच पडली. दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागली. आमी सगळ्यांनी बाहेरचं हाय म्हनून अंगारा लावला, धूप घातला. संध्याकाळपर्यंत ती गेली नि पोर पन पोटातच गेलं."

हे त्यांनी त्या घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हर्षदलाही नाही. सून घरात कोंडून ठेवण्यामागं नजर लागण्याची जी भीती होती ती तिथून आली होती. आणि आता तीच भीती त्यांना दुसऱ्या बाजूला ढकलत होती.

त्या उठल्या. कडी काढून रस्त्यावर गेल्या. गावातल्या गजाचा टेंपो विटा उतरवून रिकामा परत येत होता. जयवंताबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"काय गं काकू, मरायचं हाय का?" गजा ओरडला.

"माज्या सुनेला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता. चल."

रोहिणी भिंतीला धरून बाहेर आली. दोरीवरचा स्कार्फ ओढून ती तोंडाला गुंडाळू लागली, तर जयवंताबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. श्वास घे मोकळा. बघू दे कुनाला बघायचंय ते." नळावर बायका होत्या. त्यांनी बघितलं. त्यांतल्या एकीनं आपली बादली तशीच सोडली आणि रोहिणीला टेंपोत चढायला हात दिला.

चौकच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रोहिणीचं तोंड बघितलं आणि तोंडाला हात न लावता आधी दंडाला पट्टा बांधला. यंत्रावरचा आकडा बघितला. दुसऱ्या दंडाला बांधला. एकशे सत्तर, एकशे दहा. लघवी तपासली, त्यातून प्रथिनं जात होती. गुडघ्यावर हलकं टिचकावलं तर पाय नको तेवढा उडाला.

"तोंड कधीपासून असंय?"

जयवंताबाईंनी सांगितलं.

"तेव्हा बीपी किती होतं?"

रोहिणीनं नकारार्थी मान हलवली.

"कुणी बघितलंच नाही?"

"तोंडाचं औषध दिलं होतं," रोहिणी म्हणाली. "ते बरोबर दिलं होतं ना?"

"ते ठीक होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे हात चालूच होते, सिस्टर सुई भरत होत्या. "पण शेवटच्या महिन्यांत तोंड असं वाकडं झालं की बीपी बघितल्याशिवाय बाईला घरी पाठवायचं नसतं. पुष्कळ बायकांचं नुसतं तोंडच वाकडं होतं, सुटतंही. पण काहींच्या बाबतीत बीपी वाढायच्या आधी किंवा वाढत असतानाच चेहऱ्याची नस जाते. दोन्ही एकमेकांना कशी जोडलीत ते अजून कुणी नेमकं सांगू शकत नाही. अंगात सगळीकडे सूज येते, त्या बारीक हाडातल्या नळीत नस दाबली जाते, असं म्हणतात. ते काहीही असो. तुमचं बीपी आता असं आहे की झटके येऊ शकतात. पनवेलला पाठवतेय. बाळ बहुतेक काढावं लागेल."

"आठवाच चालू हाय," जयवंताबाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला, आजी."

दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं दिली, झटके येऊ नयेत म्हणून. अंगात विस्तव ओतल्यासारखं झालं, असं रोहिणी म्हणते. त्यानंतरचं तिला तुटक तुटक आठवतं. अॅम्ब्युलन्सचं छत. हर्षद कारखान्याच्या कपड्यांतच कुठून तरी येऊन बसलेला, त्याच्या अंगाला येणारा औषधासारखा वास. या वेळी तो तिच्या डाव्या बाजूला बसला होता, पण तिला ते विचारायचं सुचलं नाही.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात, स्ट्रेचर खाली घेताना, तिला झटका आलाच. तिला काही आठवत नाही. जयवंताबाईंना आठवतं. डोळे फिरले, दातखीळ बसली, तेच सगळं जे त्यांनी सून म्हणून त्या घरात आल्यावर बघितलं होतं. त्या किंचाळल्या नाहीत. सिस्टरनं सांगितलं, कुशीवर वळवून डोकं धरा, तसं त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आत नेल्यावर त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि हर्षदला म्हणाल्या, "मी आशाला खोटं सांगितलं रं. माहेरी गेलीय म्हनून सांगितलं." हर्षद आईशेजारी बसला.

मुलगी झाली. दीड किलोही भरली नाही. रडली, पण मांजरीच्या पिलासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रोहिणीचं बीपी खाली यायला आठवडा गेला. शुद्धीवर आल्यावर तिला चाकाच्या खुर्चीत बसवून पेटीपाशी नेलं तेव्हा तिनं आधी मुलीचं तोंड बघितलं, दोन्ही बाजू, ओठ, डोळे. सगळं जागच्या जागी होतं. तिला हसू आलं आणि लगेच तिनं डावा गाल हातानं झाकला.

"का झाकता?" तिथल्या सिस्टरनं विचारलं.

"ती असंच हसायला शिकंल."

"तिला अजून दिसत पण नाही नीट. काढा हात."

तिनं हात काढला नाही. मुलगी त्या पेटीत बरेच दिवस होती. मध्ये तिला जंतुसंसर्ग झाला, दूध पचेना, दोनदा डॉक्टरांनी हर्षदला बाजूला घेऊन सांगितलं की मनाची तयारी ठेवा. जयवंताबाई रोज पहाटे भाकरी करून आणायच्या, बाहेर बाकावर बसायच्या. आत जाऊन नातीला बघा म्हटलं तर जायच्या नाहीत. मी गेले होते भेटायला, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माजी पायरी नाय, बाई."

मुलगी जगली. होळीच्या आसपास ती घरी आली. सुरभी नाव ठेवलं. बारसं घरातल्या घरात झालं.

माहेरी गेलीय या शब्दांबद्दल दोघी सासूसुना एकदाच बोलल्या. रोहिणी मुलीला पाजत होती. जयवंताबाई दाराच्या चौकटीत बसून म्हणाल्या, "मी तेव्हा आशाला आत घेतली असती तर…"

"मी आतच होते, आई. दाराआड. सगळं ऐकत होते."

"मग बोलली का नाय?"

"तुमी बोलत होता ते मला पायजेच होतं."

तो विषय पुन्हा निघाला नाही, पण संपलाही नाही. अजूनही कधी कधी जयवंताबाई रोहिणीला काम करू देत नाहीत, हातातला झाडू ओढून घेतात, आणि रोहिणीला त्याचा राग येतो. हर्षदनं बीपीचं यंत्र विकत आणलंय. रोज सकाळी कामाला जायच्या आधी तो तिच्या दंडाला पट्टा बांधतो. आकडा जरा वर गेला की दिवसभर त्याचे फोन चालू. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितलीय, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या महिन्यापासून आमच्याकडे या म्हणून बजावलंय. दुसरं मूल हवं का, यावर त्या घरात अजून कुणी तोंड उघडलेलं नाही.

रोहिणी पावसाळा संपता संपता कामावर आली. आता डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. गाडीवर परत जायचं म्हणते, पण तारीख सांगत नाही. सहदेव येता-जाता खिडकीत डोकावतो, मुलीची चौकशी करतो. तोंड पुष्कळ सुधारलंय. डोळा मिटतो, 'प' आणि 'फ' परत आलेत. हसली की मात्र डावा ओठ जरा मागं राहतो, थकली की जास्त. माहीत नसलेल्याच्या लक्षातही येणार नाही. फोटो काढायचा झाला की ती उजवीकडे मान वळवते.

एक गोष्ट मात्र नवीनच झालीय. घास तोंडात घातला की तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, नस पुन्हा जुळताना वाट चुकते. तोंडात लाळ सुटायची ती खूण डोळ्याला पोचते. याला फारसा इलाज नाही, त्रास होत नसेल तर राहू द्या.

मध्यंतरी मी त्यांच्या घरी जेवायला होते. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. सुरभी आजीच्या मांडीवर बसून वाटी आपटत होती. रोहिणी जेवू लागली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळू लागलं. जयवंताबाईंनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघितलं.

"रडतेस काय गं?"

"नाय ओ आई. जेवतेय."

जयवंताबाईंनी मान हलवली आणि पुन्हा नातीला भात भरवू लागल्या. रोहिणीनं पदरानं डावा डोळा पुसला. थोड्या वेळानं उजवाही पुसला.